अण्णांचा ण

आमच्या घरात तहान लागली तरी आधी व्याकरण लागायचं. खेळून दमून घरात शिरावं, माठाकडे धाव घ्यावी, तर माठाशेजारी चटईवर अण्णा बाजाची पेटी पुसत बसलेले असायचे. "काय हवं?" ते विचारायचे. "पानी," असं तोंडातून निसटायचंच. अण्णा ओगराळं हातात धरून तसेच थांबायचे आणि किराणा दुकानदाराच्या गंभीरपणाने म्हणायचे, "तो माल आपल्याकडे नाही. दुसरं काही?" मग घशाला कोरड पडलेली असताना जिभेचं टोक मागे वळवून "पाणी" म्हणायचं, तेव्हा कुठे पेला भरून मिळायचा. वर "शाब्बास" मिळायची ती वेगळी. मला ती शाब्बासकी नको असायची, नुसतं पाणी चाललं असतं. पण वडील शिक्षक असले की पोरांना नुसतं असं काही मिळत नाही.

आमचं गाव वसईच्या खाडीकडचं. भातशेती, पलीकडे मिठागरं, भरतीला बांधापर्यंत येणारं खारं पाणी. या पट्ट्यात ण हे अक्षर फक्त पुस्तकात सापडायचं. लोनी, कोनी, पानी, सगळा सरळ कारभार. कुणी शहरात शिकून ण उच्चारायला लागला की म्हातारी माणसं म्हणत, "हा वाकडा न बोलतो." आणि अशा गावात आमच्या वडिलांचं नाव नारायण. शिक्षकाच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव "नारायन" असं सांगितलं आणि सारा वर्ग हसला. तिथे संगीत शिकवणारे एक गुरुजी होते, ते हसले नाहीत. त्यांनी गाणं म्हणायला लावलं, ऐकलं आणि म्हणाले, "सूर देवाने दिलाय, उच्चार तेवढा तू मिळव." अण्णांनी ते वाक्य आयुष्यभर गाठीला बांधलं. पेटी आणि ण या दोन्ही गोष्टी ते एकाच जागी, एकाच वेळी शिकले, त्यामुळे त्यांच्या मनात त्या कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. चुकलेला ण त्यांना चुकलेल्या सुरासारखाच टोचायचा.

मुली झाल्या तेव्हा त्यांनी नावं ठेवली वीणा आणि वेणू. दोन्ही नावांत गाणं, दोन्ही नावांत ण. हेतू असा की घरादाराला ण ची सवय लागावी. झालं उलटंच. ताईची अख्ख्या गावाने वीना केली आणि माझी वेनू, आणि आम्हीही हाक मारली की मुकाट्याने ओ द्यायचो. अण्णांना तर सारं गाव "अन्ना" म्हणायचं. एका माणसाच्या घरात इतके ण आणि गावात एकही नाही, असं ते स्वतःच हसत सांगत.

शाळेतली मुलं त्यांना बाणमास्तर म्हणायची, कारण रोज प्रार्थनेनंतर ते सगळ्यांकडून एक वाक्य घोकून घेत: राणाच्या बाणाने हरिणाचा प्राण घेतला. पेटीवर काळी दोनचा सूर धरायचा आणि त्या सुरात शंभरेक पोरांनी हरिणाचा जीव घ्यायचा. पोरं बिचारी भिऊन इतकी सावध झाली की जिथे नको तिथेही ण टाकू लागली. "णमस्ते गुरुजी." "गुरुजी, मी जेवूण आलो." अण्णा कपाळावर हात मारून घेत, पण चिडत नसत. "अरे, ण म्हणजे मीठ आहे," ते सांगत. "जेवणात लागतंच. पण मूठ मूठ टाकलं तर ताट सरकवून उठावं लागेल." मिठागरावरच्या पोरांना हे लगेच कळायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा "णमस्ते गुरुजी" यायचंच.

बाहेर बाणमास्तर असलेला हा माणूस घरात निम्मी आई होता. भाताच्या आवणीच्या दिवसांत आई उजाडायच्या आत शेतावर जायची, मग आमच्या वेण्या अण्णा घालायचे. तीन पेडांची वेणी, तीन मात्रांचा ठेका, "धा धी ना" म्हणत एकेक पेड वळायचा. ताल चुकला तर वेणी उसवून पुन्हा पहिल्यापासून. शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण ठेका सुटता कामा नये. जेवताना खाडीतल्या निवट्यांचं, म्हणजे बारक्या माशांचं, कालवण असलं की आमच्या दोघींच्या ताटातले काटे तेच काढत बसायचे आणि त्यांची स्वतःची भाकरी गार व्हायची. माणिकपूरला पेटीचे सूर लावून घ्यायला गेले की येताना आईसाठी मोगऱ्याचा गजरा आणि आमच्यासाठी सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी ठरलेली. आई गजरा माळायची, पण आधी म्हणायची, "पेटीचे पाय धरून आमाला फुलं मिलतात." तिच्या बोलण्यात सगळे न सरळ आणि सगळे ळ नुसते ल. तिने अण्णांचा एकही ण आयुष्यात उचलला नाही. भांडली नाही, वाद घातला नाही. अण्णा माठापाशी असले की ती फक्त पाणी मागायची नाही. विहिरीवर जाऊन पिऊन यायची, नाहीतर तशीच राहायची. मला तेव्हा वाटायचं, आईला तहानच लागत नाही.

आता हिरूआत्याबद्दल सांगायला हवं. ही अण्णांची थोरली बहीण. अण्णा लहान असतानाच त्यांची आई गेली आणि या आक्कानेच त्यांना कडेवर वाढवलं. हिरूआत्या धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात एकेका विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. मांडवाची डहाळी असो, हळद असो की नवरीच्या न्हाणाचं पाणी, धवलारणीच्या तोंडून त्या कामाचा धवला निघाल्याशिवाय कुणी त्या कामाला हात लावत नसे. अण्णांचं बालपण या गाण्यांतच गेलं. आत्या धवला म्हणायची आणि तिच्या मांडीवर हे झोपायचे.

पण प्रशिक्षण संपवून आल्यावर अण्णांचं लग्न ठरलं आणि त्या लग्नात त्यांनी एक उद्योग केला. हळदीला बसलेल्या नवरदेवाने, भर मांडवात, धवला म्हणणाऱ्या बहिणीला मधेच थांबवून सांगितलं, "आक्का, पानी नाही. पाणी." आई सांगायची की अण्णांचा आवाज अगदी मऊ होता, वर्गातल्या लहान मुलाला सांगावं तसा. तेच जास्त लागलं असणार. आत्याने ते लग्न शेवटपर्यंत नेलं, एकही धवला गाळला नाही. मात्र त्यानंतर आमच्या घरात तिने गाण्यासाठी पुन्हा तोंड उघडलं नाही. यायची, चिंबोऱ्या आणून द्यायची, आम्हाला मांडीवर घ्यायची, अण्णांना "नारान" म्हणून हाक मारायची, सगळं करायची. आमच्या बारशालासुद्धा ती गायली नाही. अण्णांनी माफी मागितली नाही असं नव्हे. मागितली होती. "माफी कसली, तुजा खरा असंल," एवढंच ती म्हणायची आणि विषय भाकरीवर न्यायची.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळं वर आलं. अण्णांनी उत्साहाने स्वतः मंगलाष्टकं रचली, त्यांना चाल लावली आणि पेटीवर बसवली. त्यांना वाटलं, झालं. पण ताई, जी कधी उलट बोलली नव्हती, ती म्हणाली, "अण्णा, तुमची मंगलाष्टकं मी ऐकेन. पण आत्याच्या धवल्याशिवाय मी न्हाणाला बसणार नाही." आई चुलीपाशी होती. तिने भाकरी उतरवली आणि आधी ताईच्या ताटात वाढली, म्हणजे ती कुणाच्या बाजूला आहे ते कळलंच. दुसरी धवलारीण बोलवावी तर तीही सोय नव्हती. हिरूआत्या मांडवात बसलेली असताना तिच्यावरून कुणी धवला उचलणार नाही, हा त्या बायकांचा आपसातला शिरस्ता. आणि सख्ख्या आत्याला मांडवाबाहेर ठेवणार कोण? अण्णा तिच्या घरी जाऊन आले. "येन ना, भाचीच्या लग्नाला येनार नाय तं कुठं जाईन?" ती म्हणाली. "पन गाया मना सांगू नको."

न्हाणाच्या सकाळी आम्ही सगळ्या विहिरीवर. बायकांच्या काखेत घागरी, घागरींना हळदीची बोटं, दारात वडे तळल्याचा वास. ताई घरात पाटाशेजारी उभी. पाटावर नव्हे, शेजारी. दुपारपर्यंत वऱ्हाड यायचं होतं आणि विहिरीवर सगळं जागच्या जागी अडलं होतं, कारण धवला नाही तर घागर बुडणार नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या, ऊन वर चढत होतं. हिरूआत्या विहिरीच्या कठड्यावर पदर सावरून निवांत बसलेली. पुरुष या वेळी विहिरीकडे फिरकत नसतात, पण अण्णा आले. नवं धोतर, नवी टोपी, चेहरा उतरलेला.

"आक्का, सुरू कर," ते म्हणाले.

"मी? माजे तोंडान तुजा तो वाकडा न नाय रं. तुजे तोंडान हाय. तू बोल."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पुरुषाने धवला म्हणायचा, हे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, अण्णा आता परत फिरणार. मला भीती वाटली ती त्याचीच. ते फिरले असते तर ताईचं लग्न कसंबसं लागलं असतं, पण आमचं घर कायमचं कुठेतरी उसवलं असतं, एवढं मला त्या वयातही कळत होतं. अण्णांनी टोपी काढून कठड्यावर ठेवली, डोळे मिटले आणि पेटीशिवाय, साथीशिवाय सुरू केलं:

विहिरीचं पाणी गो, भरा दोन्ही हाताणी,
पहिली घागर भरली गो नवरीच्या आईणी.

मूळ धवला असा आहे: इहिरीचं पानी गो, भरा दोही हातानी, पैली घागर भरली गो नवरीच्या आईनी. पानी, हातानी, आईनी, असं ते यमक. अण्णांच्या जिभेने सवयीने पानीचं पाणी केलं आणि तिथेच त्यांचा कान अडकला. पाणीच्या पुढे हातानी आलं की यमक मोडतं. व्याकरण म्हणतं मोडू दे. पण हा सुराचा माणूस, मोडतं यमक त्याच्या कानाला सोसेना, आणि त्याने त्या दोन बिचाऱ्या शब्दांनाही ण लावून टाकला. हे सारं मला आता, इतक्या वर्षांनी, शांतपणे मांडता येतंय. तेव्हा एवढंच कळलं की बाणमास्तर, ज्यांनी शाळेतल्या प्रत्येक पोराचा "णमस्ते" दुरुस्त केला होता, ते भर विहिरीवर "आईणी" म्हणाले होते.

पहिली हसली ती आई. काखेतली घागर खाली ठेवून ती हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली आणि म्हणाली, "मास्तर, मीठ जास्त झाला!" मग कोण थांबतंय? सगळ्या बायका कठडा धरून हसत होत्या. आत्या मात्र हसली नाही. ती अण्णांकडे बघून म्हणाली, "नारान, जीभ वाकडी केलीस ती केलीस. आईला कशाला रं वाकडी करतंस?"

अण्णा लाल झाले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग तेही हसले. माझ्या आठवणीत ते इतकं मोकळं त्याआधी कधी हसले नव्हते. हसू ओसरल्यावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणायला लागले, "इहिरीचं पानी गो..." तो आवाज मास्तरांचा नव्हता. त्यात काळी दोन नव्हती, संगीताच्या गुरुजींनी दिलेली शाब्बासकी नव्हती. कुणाच्या तरी मांडीवर झोपता झोपता ऐकलेलं मुलाने गावं, तसा तो आवाज होता. मी अण्णांना रोज गाताना ऐकत होते, पण ते गाताना मला रडू आलं ते त्या एकाच सकाळी. दुसऱ्या ओळीवर ते अडखळले, की मुद्दामच थांबले, ते मला ठाऊक नाही. ती ओळ आत्याने उचलली. "भरा दोही हातानी." तिचा आवाज पहिल्यांदा जरा गंजलेला निघाला, मग बांधावरच्या वाऱ्यासारखा सरळ सुटला. आईने घागर विहिरीत सोडली. आणि घरात ताई पाटावर बसली.

त्या लग्नात हिरूआत्याने गाळलेली सगळी वर्षं भरून काढली. मंगलाष्टकंही झाली आणि छान झाली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती "आईणी". पुढे कित्येक लग्नांत बायका अण्णांना बघून मुद्दाम "हाताणी" म्हणायच्या आणि अण्णा हात जोडून "चूक दुरुस्त व्हावी" म्हणायचे. शाळेतलं हरीण मात्र रोज मरतच राहिलं. उच्चाराच्या बाबतीत ते बदलले असं म्हणणं खोटं होईल. पोरांनी जगात जाऊन स्वतःचं हसू करून घ्यायचं नाही, हे त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं, आणि ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. माझी स्वतःची जीभ त्यांनीच वळवली आणि तिच्या जोरावर मी पुढे अनेक ठिकाणी मान वर करून बोलले. फक्त माठापाशी ते बसेनासे झाले. पेटी त्यांनी ओटीवर हलवली. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुष्कळदा संध्याकाळी आत्याला समोर बसवून ते तिच्या धवल्याला पेटीची साथ करू बघायचे. भाता मारायचे, एक पट्टी दाबायचे, मग शेजारची, मग मान हलवायचे. "हिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे आहे," ते आम्हाला सांगत. "पेटीत तो नाहीच." आत्याला याचा फार अभिमान वाटायचा.

मी आता गावाजवळच आचोळ्यात राहते. शेतं होती तिथे इमारती आहेत, विहीर बुजली, पाण्याचा टँकर आला की सोसायटीत धावपळ उडते. नातू शाळेतून येतो, बूट भिरकावतो आणि म्हणतो, "आजी, पानी दे ना." हा त्याचा न आमच्या गावाचा नव्हे, तो इथल्या तुळिंजच्या बाजारातला, शेजारपाजारच्या हिंदीतला. पण कानाला तोच लागतो. अण्णांनी एवढी वर्षं लढवलेली लढाई शेवटी अशी भलत्याच कुणीतरी जिंकली. मी हातात पेला घेऊन क्षणभर थांबते, तोंडावर आलेलं गिळते आणि देते.

अण्णांच्या शेवटच्या आजारात त्यांची एक बाजू गेली आणि जीभ जड झाली. आयुष्यभर जी वळवली, ती आता कशालाही वळेना. मोजके शब्द निघत, तेही अर्धे. ताई आणि मी आळीपाळीने येऊन राहायचो, पण त्यांचं सगळं आईच करायची. दाढीसुद्धा. पेटी उशाशी ठेवलेली. आई कधी कधी त्यांचा बरा हात उचलून पट्ट्यांवर ठेवायची आणि स्वतः भाता हलवायची. जे वाजेल ते वाजेल. "आज सुरान हाय," ती म्हणायची, तिला सुरातलं कळत होतं की नव्हतं, देव जाणे.

एका दुपारी पाळी बदलताना आम्ही दोघी तिथेच बसलो होतो. अण्णांनी ओठ हलवले, आईने कान जवळ नेला. "पा... नी," ते म्हणाले.

आई उठली. माठातून पेला भरून आणला आणि त्यांच्या उशाशी येऊन, पेला हातात धरून तशीच थांबली. किराणा दुकानदाराच्या गंभीरपणाने म्हणाली, "तो माल आपल्याकडे नाही. पाणी म्हणा, मग देते."

ण अगदी स्वच्छ होता. जिभेचं टोक जिथे जायला हवं तिथे जाऊन आलेला. असा ण आम्हा दोघींनाही कधी जमला नव्हता. ताई माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. अण्णांचे डोळे मोठे झाले. तोंडाची एकच बाजू हसू शकत होती, ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. काय विचारायचं होतं ते आम्हाला कळलं, आईलाही कळलं.

"कवाचा येतो," ती म्हणाली. "पोरं येवढी घोकत व्हती, माजे कान काय बंद व्हते?" मग तिने पदराने त्यांचे डोळे पुसले, मानेखाली हात घालून त्यांना जरा वर उचललं, उशी सारखी केली. "ऱ्हाऊ द्या आता. पानी तं पानी." आणि तिने दोन्ही हातांनी पेला धरून त्यांच्या ओठांना लावला.